नदीच्या अल्याड

लालासाहेबांनी बायकोच्या, अंबूबाईंच्या, सुपातल्या जोंधळ्यात बोटानं आडवी रेघ ओढली.

"ही नायजर नदी. अल्याड बाजार, तितंच आपल्या वीरधवलचं गलाईचं दुकान. मागं टेकडी, तिच्यावर राष्ट्रपतीचा बंगला. पल्याड विमानतळ. मधी तीन पूल."

"आन् ते अतिरेकी तेलाचे टँकर जाळत्यात, ते कुठं?" अंबूबाईंनी विचारलं.

"ते लांब. शहराच्या भाईर."

"पर पूल बंद केलं तर पोरगं विमानाला जायाचं कसं?"

लालासाहेब रेघेवरून बोट फिरवत राहिले. विट्याच्या या गलाईवाल्यानं तीस वर्षं तमिळनाडूत सोनं गाळून शुद्ध केलं, पण आफ्रिकेतल्या मालीची राजधानी बामाको त्यांनी फक्त मोबाइलच्या नकाशात पाहिली होती. तरी पोरगा बामाकोला गेल्यापासून पारावर त्यांची मान अशी ताठ, की टेकडीवरचा बंगला जणू यांच्याच नावावर. 'रिकाम्या हातानं माघारी येतो तो गलाईवालाच न्हवं,' हे ते येता-जाता पोराला सुनवत. आता तीन दिवस फोन नव्हता आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

दीड वाजता मोबाइल वाजला. पडद्यावर वीरधवल दिसला.

"लाइट नव्हती, आबा. बाकी सगळं झ्याक. काम तर लय जोरात हाय," तो म्हणाला आणि त्यानं कपाळावरचे केस मागं सारले.

अंबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. लालासाहेबांनी मात्र चष्मा चढवून मोबाइल जवळ घेतला. त्यांना पोराची बोटं दिसली होती. सोनं शुद्ध करताना तेजाबात, म्हणजे ॲसिडात, काम करणाऱ्याची बोटं पिवळी पडतात. कितीही घासा, डाग जातो तो कातडीबरोबरच. ही बोटं नवरदेवासारखी स्वच्छ होती. भट्टी विझून महिना तरी झाला असावा. पोरगं खोटं बोलतंय आणि तेही आपल्याच धाकानं, हे त्यांना कळलं.

"तुमची तब्येत बरी हाय न्हवं?" वीरधवलनं विचारलं.

लालासाहेबांनी हात छातीवर ठेवला.

"न्हाई रं. छातीत दुखतंय. डॉक्टर म्हंत्यात, घरात गडीमाणूस पायजेच. तुझं काम बुडंल, पर तुला यावं लागंल."

अंबूबाई बघतच राहिल्या. सकाळीच या माणसानं कांदा फोडून दोन भाकरी खाल्ल्या होत्या. त्या काही बोलणार, तोच लालासाहेबांनी त्यांचा हात घट्ट धरला.

वीरधवलनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"येतो, आबा," तो म्हणाला. "तुमच्यासाठी यावंच लागंल की."