धवला अडला तेव्हा

मुदतीच्या तापातून गिरजा एकविसाव्या दिवशी उठली, तेव्हा किन्हवलीत सगळे म्हणाले, बाई दैवाची. अंग हळूहळू भरून आलं. डोक्याचं मात्र काहीतरी मागे राहून गेलं. ती विळा शोधत घरभर फिरायची आणि तो हातातच असायचा. एकदा तर तिने सुनेलाच विचारलं, "तू कुनाची गो?"

रंगू हसली. "तुमचीच सून, आत्याबाय. माहेरी धाडायचं तर आता उशीर झाला."

गिरजाही हसली, पण मनातून चरकली. कारण ती धवलारीण होती. त्या काळी तिकडच्या कुळवाड्यांच्या लग्नाला भटजी नसे. लग्न लावायची ती धवलारणीने. देव बोलावणं, मांडवात उंबराची मेढ रोवणं, हळद, सगळं तिच्या धवल्यावर, म्हणजे गाण्यावर चाले. ती ओळ सांगे, मागच्या बाया ती पुन्हा म्हणत. पोथी नव्हती, असती तरी गिरजाला अक्षर येत नव्हतं. आणि धवला मध्येच तुटला तर संसार तुटतो, असं सगळे मानत.

म्हशाच्या जत्रेतून बैल घेऊन परतलेला कुंडलिक पोराच्या लग्नाची सुपारी घेऊन आला. गिरजाने ती घेतली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मग भांडी घासताना, शेण थापताना ती पुटपुटू लागली. देव सगळे यायचे. मेढ रोवून झाली की पुढे अंधार.

"सांगून टाका कुंडलिककाकाला," रंगू म्हणाली.

"सांगीन. आनि उद्या मला कोन इचारंल?"

लग्नाच्या दिवशी तसंच झालं. मेढ रोवली आणि गिरजाचं तोंड उघडंच राहिलं. बायांनी शेवटची ओळ पुन्हा म्हटली. मग आणखी एकदा.

"काय गो गिरजे," नवऱ्या मुलाची आत्या धोंडूबाई म्हणाली, "देवांना काय उभंच ठेवतेस?"

कुणीतरी खुसखुसलं. तेवढ्यात मागून रंगूने खणखणीत सूर लावला, "तांब्याचं घंगाळ गो, गंगेचं पानी..."

बायांनी ओळ उचललीसुद्धा. गिरजा गर्रकन वळली. "गप गो! हळद लागली नाय तर आंघोळ कसली घालतेस? आदी जातं पुजायचं, मंग हळकुंडं..."

आणि जात्याची ओळ तिच्या ओठावर आली. ती गातच सुटली. पुढे दोनदा अडली. दोन्ही वेळा रंगूने भलतंच काहीतरी म्हटलं आणि दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या. धवला मात्र तुटला नाही. पोराला हळद लागली, लग्न लागलं, पंगती बसल्या.

घरी परतताना शेताच्या बांधावर गिरजा म्हणाली, "येत नाय तर तोंड कशाला घालतेस मधी?"

"येतो ना धवला. बारा वर्सं तुमच्या मागं बसून म्हनतेय."

"मंग चुकीचा का म्हनलास?"

"बरोबर म्हनला असता तर तुमी गपच बसला असता."

गिरजा आंब्याजवळ दम खायला थांबली, पदराने तोंड पुसलं.

"आटगावचं लगीन हाय फागुनात," ती म्हणाली. "तू फुडं बस. मी मागं बसून चुका काढीन."

"आनि नाय चुकले तर?"

"चुकशील गो," गिरजा म्हणाली आणि चालू लागली.