खोडलेली ओळ

तेजश्रीने पुण्यात एम.ए.ला घेतलेला विषय जगाच्या पाठीवर कुणाच्याच कामाचा नव्हता: अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा लांब राहणारे मित्र एकमेकांना कशी पत्रं लिहीत. तरी नवऱ्याच्या, अवधूतच्या, आयटीच्या नोकरीपायी जपानात, ओजिमाला आल्यावर तिने मितालीला बजावलं होतं, "मेल नको, पत्रंच लिहू. आणि ते लोक ठेवायचे तसा प्रत्येक पत्राचा खर्डा ठेवायचा." मिताली तिची कॉलेजची मैत्रीण, तीही अशीच नवऱ्यामागे कोबेला आलेली. बजावणारीने मात्र स्वतः एकही खर्डा ठेवला नाही.

मागच्या आठवड्यात, जुने कागद टाकायच्या दिवशी, अवधूतने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मितालीची पाच वर्षांची पत्रंही दोरीने छान बांधून खाली नेऊन ठेवली. गाडी ती घेऊनही गेली. तेजश्रीने त्याच्याशी अबोला धरला आणि फोनवर मितालीपाशी रडली.

आज टपालाने एक वही आली. मितालीने खरंच सगळे खर्डे ठेवले होते. तेजश्रीने आधी पहिलं पत्र काढलं. ते तिला तोंडपाठ होतं: "मी इथे मजेत आहे. तूही रुळशील." त्याच्याच जोरावर तिने इथलं पहिलं वर्ष काढलं होतं.

खर्ड्यात त्या वाक्यांच्या वर एक ओळ खोडलेली होती. खिडकीपाशी उजेडात धरल्यावर ती लागली: "मीही रोज रडते गं."

तेजश्रीने कोरा कागद ओढून लिहायला घेतलं, "मिताली, तुझ्या एका ओळीचं उत्तर पाच वर्षं राहून गेलंय."