छातीत बसलेला 'तो'

इदालिनाच्या गावात त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. चुकून तोंडातून गेलंच, तर लगेच लाकडावर तीनदा टकटक. नाव घेतलं की तो घर शोधत येतो म्हणे! मिनासच्या डोंगरातली ही हट्टी माणसं, त्यांना कोण समजावणार? 'तो' म्हणायचं, की झालं.

तर हा 'तो' इदालिनाच्या डाव्या स्तनात निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, वेळेत सापडली, सोमवारी शहरात येऊन काढून घ्या. फक्त सोबत सही करणारं माणूस हवं, त्याशिवाय दाखल करून घेत नाहीत. इदालिना विधवा, पोटी मूल नाही. सोबत मागायची तर सांगावं लागणार, आणि सांगायला जीभ रेटेना.

शेवटी धीर करून तिने शेजारच्या जांदिराला गाठलं. मान खाली घालून म्हणाली, "अगं, तो आलाय. छातीतच येऊन बसलाय. सोमवारी शहरात सही करायला येशील?"

"येशील काय विचारतेस? येणारच," जांदिरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या वयात का होईना, बिचारीला कुणीतरी भेटलं!

जांदिराच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी इदालिनाच्या अंगणात ही गर्दी! कुणी पेरूची वडी आणली, कुणी मक्याचा केक, एकाने तर अकॉर्डियन. गावाला माझी एवढी काळजी, म्हणून इदालिना गहिवरली. मग एकीने विचारलं, वयाने केवढा आहे गं?

"लहानच आहे," इदालिना म्हणाली. "वाढायच्या आत काढून टाकायचाय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "लग्नाआधीच नवऱ्याला काढून टाकतेस?" जांदिरा म्हणाली.

तेव्हा कुठे इदालिनाच्या डोक्यात प्रकाश पडला. ती पोट धरधरून हसत सुटली, आणि त्या हसण्यात शब्द निसटला. "नवरा कुठला गं बायांनो, कॅन्सर झालाय मला. कॅन्सर!"

समोर लाकडाचं टेबल होतं, पण एकीचाही हात तिकडे गेला नाही. जांदिरा आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली. इदालिनाला इतकं हलकं वाटलं की तिने केकचे दोन तुकडे खाल्ले. अकॉर्डियनवाल्याने विचारलं, आता वाजवू की नको? आणलंयस तर वाजव, मेल्या, असं तिनेच सांगितलं.

सोमवारी जांदिरा लग्नासाठी काढलेला निळा रेशमी झगा घालूनच दवाखान्यात आली. झोकात सही केली. नर्सने पेशंटशी नातं विचारलं.

"आम्ही मुलीकडचे," जांदिरा म्हणाली.