चौथ्या घमेल्यातली राख

मित्रांनो, वसई-विरारच्या बांधकामाचा उद्याचा इतिहास माझ्यापासून सुरू होणार आहे. तूर्तास मी जूचंद्रच्या एका सोसायटीत, कचऱ्याच्या डब्यांना आडोसा म्हणून बांधलेल्या कमरेएवढ्या भिंतीत आहे. सगळी भिंत म्हणजे मी, असंही नाही. खालून सहाव्या थरात, दोन विटांच्या मधल्या फटीत मी अडकलेली आहे.

मी एक जुनी राख आहे. जन्माने तूस. कामणजवळच्या एका गिरणीत मला भातावरून सोललं आणि तिथल्याच पोह्यांच्या भट्टीत जाळलं. तांदळाचे पोहे झाले, लोकांनी ते कांदा घालून खाल्ले. माझा मागच्या बाजूला ढीग झाला. वारा सुटला की मी शेजारच्या गोदामांत शिरे. तेव्हा शिव्या पडत, पण हिंडायला मिळे.

एके दिवशी अक्षया आली. ती याच सोसायटीत राहते आणि बांधकामाची इंजिनिअर आहे. तिने मला गोण्यांत भरून नेलं, दळलं, चाळलं. सोसायटीला नवं कुंपण बांधायचं होतं. सभेत ती म्हणाली, "चार घमेली सिमेंट लागतं तिथे तीन घालू. चौथं या राखेचं. सिमेंट वाचेल आणि राख कुणाच्या छातीत जाणार नाही."

"राखेने भांडी घासतात गं," तळमजल्यावरच्या सुभद्राकाकू म्हणाल्या. "भिंती कसल्या बांधतेस?"

सेक्रेटरी दिनानाथकाकांनी तोडगा काढला. आधी डब्यांची भिंत बांधायची. अठ्ठावीस दिवसांनी तपासायची. टिकली तर कुंपणही तसंच, नाही तर भिंतीवर घण.

राजोडीचा गवंडी व्हिन्सेंट उठून म्हणाला, "ही भिंत हलली ना काका, तर मी थापी धरायची सोडीन."

त्याच थापीने त्याने मला सिमेंट-वाळूत कालवून विटेवर पसरलं, वर दुसरी वीट ठेवली आणि ठोकली. माझ्या आयुष्यातला वारा तिथे संपला.

मित्रांनो, सिमेंट आठवड्यात ताठ होतं. मला महिना लागतो, आणि तो महिनाभर रोज पाणी लागतं. सातव्याच दिवशी दिनानाथकाका आले. त्यांनी किल्लीने मला टोकरलं. चिमूटभर भुकटी पडली.

"हे बघा, पीठ पडतंय!"

"काका, दहावीचा निकाल सहामाहीलाच लावता का?" अक्षया म्हणाली.

"पानी लागतं त्याला," व्हिन्सेंट म्हणाला. "अठ्ठावीस दिवस."

"टँकर तुझ्या राजोडीहून येतो का रे? पाणी बंद!"

त्या दिवसापासून मी कोरडी पडले. खोटं कशाला बोलू, मनात आलंच. विटांना धरलेले हात सैल सोडावेत, घण पडावा, पुन्हा वाऱ्यावर मोकळं व्हावं. पण व्हिन्सेंट रोज कामावरून जाताना भिंतीवर तळहात ठेवी. मला ओशाळल्यासारखं होई.

पाणी बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सुभद्राकाकू पातेलं घेऊन आल्या आणि माझ्यावर तांदूळ धुतलेलं पाणी ओतून गेल्या. तो वास मी लगेच ओळखला. ज्या तांदळाच्या अंगावरून मला सोललं होतं, त्याचा भाऊबंद एवढ्या दिवसांनी भेटत होता. मग रोजच पातेलं येऊ लागलं.

"काकू, राखेने भांडी घासतात ना?" अक्षयाने विचारलं.

"मग? आधी भिजवायला नको?"

मी दोन्ही विटा घट्ट धरल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी व्हिन्सेंटने हातोडा दिनानाथकाकांपुढे धरला. "मारा काका. जोरात."

काकांनी मारला. विटेचा कोपरा उडाला. मी जागची हलले नाही.

"वीट जरा हलकी दिसते," काका म्हणाले आणि कुंपण मंजूर झालं. व्हिन्सेंटने थापी पुसून पिशवीत ठेवली. दोनदा पुसली.

मला हार घातला, फोटो काढले. आता कुंपणात माझी भावंडं उभी आहेत आणि मी इथे. नापास झाले असते तर सुटले असते. पास झाले म्हणून जन्माची अडकले. असो. मित्रांनो, भट्टीमागे फेकलेल्या वस्तूकडे एकदा नीट बघा. जे सावकाश घट्ट होतं, त्याला सावकाश होऊ द्या.

आणि डब्यांपुढे, अगदी माझ्या फटीसमोर, सोसायटीतल्या जितेंद्रभाऊंची स्कूटर उभी असते. ती वीतभर डावीकडे सरकवता आली तर बघा. मला बघायला एकच बाजू आहे.