माझ्यावर आलेला बासुंदीचा आळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी डाव आहे. खेळातला डाव नव्हे हं! पंगतीत वरण, कढी, बासुंदी वाढतात ना, तो लांब दांड्याचा डाव. धुळ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि देवपूरच्या सुकदेव आचाऱ्याने मला विकत घेतले. लग्नसराई आली की सुकदेव, त्याची बायको द्रौपदाबाई आणि मी, आम्हाला क्षणाची उसंत नसे.

सुकदेवच्या बासुंदीचे नाव पारोळ्यापासून जळगावपर्यंत निघे. पण त्याला एक खोड होती. बासुंदी निवली की तो मला बाजूला ठेवी, बाही वर सारी आणि सायीच्या गाठी हातानेच मोडी.

"मंग हाऊ डाव कशाले आणेल शे?" द्रौपदाबाई चिडून विचारी.

"मना हातनी चव शे ती!" सुकदेव ऐटीत सांगे. मी बिचारा चुलीजवळ पडून ऐकत राही.

साल एकोणीसशे अडुसष्ट. जळगावचे व्यापारी इंदरचंद यांच्या मुलीचे, लाडकुंवरचे लग्न होते. नवरदेव अभयकुमार पारोळ्याचा. त्याच आठवड्यात लाकडे फोडताना सुकदेवच्या बोटात कुसळ गेले. बोट सुजले, पिकले. त्याने हळद लावून चिंधी गुंडाळली आणि कामाला लागला. लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी बासुंदी झाली. सुकदेवने चिंधी सोडली, हात धुतल्यासारखा केला आणि नेहमीप्रमाणे साय मोडली. वैशाखातला उकाडा! बासुंदी फडक्याखाली रात्रभर तशीच मांडवात राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मशाळेत उतरलेल्या वऱ्हाडाची पंगत बसली. वाढप्यांनी माझ्यातून आधी वरण वाढले, मग मला धुऊन बासुंदी. "वा, आचारी!" अशी दाद आली. मी सुखावलो. पण उन्हे कलायच्या आत सारे चित्र पालटले. एकाला मळमळले, दुसऱ्याला उलटी झाली आणि मग अर्धे वऱ्हाड धर्मशाळेच्या परसाकडे धावू लागले. खुद्द अभयकुमारच्या डोक्यावर फेटा आणि हातात तांब्या! पारोळ्याचा नवरदेव असा पळताना कुणी पाहिला नव्हता.

वरपिता लखीचंद संतापले. त्यांनी मला उचलून उलटेसुलटे पाहिले.

"याची कल्हई बघा! पार उडाली आहे. बासुंदी कळकली, दुसरे काय?" असे म्हणून त्यांनी मला निंबाखाली भिरकावले.

मित्रांनो, पडल्याने मला पोचा आला, पण त्याहून आळाचे दुःख मोठे होते. सुकदेव मान खाली घालून उभा राहिला. त्याने माझी बाजू घेतली नाही.

दवाखान्यातून डॉक्टर आले आणि त्यांच्याबरोबर कुंदाबाई परिचारिका. डॉक्टर आजाऱ्यांपाशी बसले. कुंदाबाई मात्र ज्यांना काहीच झाले नव्हते त्यांच्याकडे गेल्या. इंदरचंदांच्या आई मोहनबाई ठणठणीत होत्या.

"आजी, तुम्ही काय जेवलात?"

"वरण-बट्टी. दुधातुपाचे गोड मी सोडले आहे."

"वरण कशाने वाढले?"

"त्याच डावाने, जो आत्ता फेकला."

कुंदाबाईंनी मला उचलून आणले आणि सुकदेवला म्हणाल्या, "म्हणजे दोष डावाचा नाही, बासुंदीचा. भाऊ, हात दाखवा."

सुकदेवने हात पाठीमागे नेला. द्रौपदाबाईने तो पुढे ओढला. चिंधी सुटली. बोट पुवाने पिवळे झाले होते.

"हे बोट बासुंदीत गेले?"

सुकदेव पुटपुटला, "उरलेली फिरून उकळू का, ताई?"

"नको. उकळून जंतू मरतील, पण त्यांनी सोडलेले विष जात नाही. ती खड्ड्यात पुरा."

सुकदेवचे डोळे भरले. "शेठजी, बठ्ठी चूक मनी शे. मी जास."

"आणि उद्या लग्नाला रांधणार कोण?" इंदरचंद रडकुंडीला आले. लखीचंदांनी तर सांगूनच टाकले की, आमची माणसे इथे पुन्हा घास घेणार नाहीत.

तेव्हा मोहनबाई काठी टेकत पुढे आल्या. "आचारी कुठेही जाणार नाही. त्याची जीभ आजारी नाही, बोट आजारी आहे. त्याने नुसते सांगायचे."

द्रौपदाबाईने लगेच हुकूम सोडला, "आयकं ना? तुमनं काम फक्त सांगानं. हात लावानं नही!"

सकाळपर्यंत बहुतेकांच्या पोटाला आराम पडला होता. लग्नाच्या दिवशी सुकदेव बोटाला पट्टी बांधून स्टुलावर बसला आणि तिथूनच "मीठ टाका, आच काढा" असे ओरडत राहिला. द्रौपदाबाई आणि वाढपी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन कामाला लागले. मला उकळत्या पाण्यात न्हाऊ घातले. वरण चुलीवरून उतरले ते थेट पानात.

पंगत बसली, पण कुणी घास उचलेना. मोहनबाई वऱ्हाडाच्या मधोमध जाऊन बसल्या आणि जेवू लागल्या. मग लाडकुंवर हळूच नवऱ्याला म्हणाली, "वाढलेय ते गरम आहे. जेवा." अभयकुमारने डोळे मिटून पहिला घास घेतला. दुसरा घेताना त्याचे डोळे उघडे होते. थोड्याच वेळात लखीचंद माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, तो डाव इकडे फिरवा!" मांडव हसला आणि मी पोच्यासकट मिरवलो.

पुढे कितीतरी वर्षांनी सुकदेवच्या तळहाताला फोड आला. त्याच दिवशी धुळ्यातल्या बड्या घरचे बोलावणे आले होते. "हातावर फोड शे, दुसरा आचारी पाहा," त्याने दारातूनच सांगितले. बोलवायला आलेला माणूस गेल्यावर द्रौपदाबाईने सुकदेवला न विचारता गुळाचा चहा करून दिला.

मित्रांनो, आता मी वापरात नाही. पण तुमच्या घरी कुणी ना कुणी रोज रांधते, वाढते. जेवणाला हात लावण्याआधी तो साबणाने धुवा. हाताला जखम असेल तर मोकळेपणाने सांगा आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून तरी वाढून घ्या.