दाट ओवलेले हार

यादवरावांना भुतांचं वेड शाळेपासूनचं. भयकथा दिसली की विकत घ्यायची, भयपट लागला की पहिल्या रांगेत जाऊन बसायचं, आणि पंचवटीच्या बाजारात झेंडू विकता विकता गिऱ्हाइकालाही एखादी हडळ ऐकवायची, हा त्यांचा शिरस्ता. दसऱ्याच्या आदल्या दुपारी मात्र घरी वाचन असे. ते मोठ्याने वाचत आणि त्यांच्या पत्नी सिंधुबाई हार ओवत. गोष्टीत भयाण जागा आली की बाईंची बोटं दोरा करकचून ओढत, फुलं दाट बसत आणि त्या हारांवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडत. भुतांनी या घराचं भलंच केलं होतं.

पण अलीकडे यादवरावांनाच भीती वाटेनाशी झाली होती. कसलंही भूत येवो, अंगावर काटा म्हणून येत नव्हता. जिभेची चव जावी तसं झालं होतं, आणि मनातून ते फार हळहळत. "ह्या पुस्तकानं घाबरवलं नाय, तर भुतांच्या पुस्तकांची सगळी ट्रंक रद्दीत," त्यांनी यंदा जाहीर केलं.

पुस्तक अगदीच मिळमिळीत निघालं. एक म्हातारा दुपारी बायकोला गोष्ट वाचून दाखवतो, एवढंच. जांभया देत ते शेवटच्या पानाला पोचले आणि पाहतात तर हार नुसता गच्च, दोन फुलांत बोट शिरायला जागा नाही.

"एवढं कशाला घाबरलीस गं?"

"ती बाई दाराशी येऊन उभी राह्यली तवा हो. लय वंगाळ वाचलं तुम्ही."

यादवरावांनी पानं मागे उलटली. बाई नव्हती, दारही नव्हतं. आणि एकदम मानेपासून मनगटापर्यंत सरसरून काटा आला. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ट्रंक वाचली होती. हा काटा जरा वेळ टिकावा म्हणून पुस्तक मिटून ते गप्प बसले.

वाचन थांबलं नाही. त्यांचाच आवाज, त्यांच्याच ठेक्यात, पुढचं वाक्य वाचत होता. यादवरावांनी ओठ चाचपून पाहिले, मिटलेले होते. गोष्ट मात्र फारच रंगात आली होती, आणि जन्मभर दुसऱ्यांना वाचून दाखवणारा तो माणूस पहिल्यांदाच मांडी ठोकून ऐकू लागला.

"घसा सुकला असंल, पाणी प्या," हारावरची नजर न काढता सिंधुबाई म्हणाल्या. यादवरावांनी हात पुढे केला. बाईंनी तांब्या त्यांच्या समोरून पलीकडे सरकवला.

वाचन घोटभर थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं.