रविवारचं ॲव्हरेज

कंपनी म्हणते: लिटरला पंचवीस.

नवरा म्हणतो: मी स्वतः काढलं. सत्तावीस!

सासरे म्हणतात: उतारावर इंजिन बंद ठेवलं तर तीस कुठे गेले नाहीत.

सून म्हणते:

सून काहीच म्हणत नव्हती, कारण ती झोपली होती. आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात ड्युटीच्या लागोपाठ दोन पाळ्या ओढून आली होती. ती उठेपर्यंत बापलेकांनी तिच्यासाठी गाडी निवडली होती, तिच्या रस्त्यावर चालवून पाहिली होती आणि बुकसुद्धा करून टाकली होती.

"कोणती?"

"तीच, गिअरवाली. अगं, थेट तुझ्या हॉस्पिटलच्या गेटपर्यंत नेली. कुठे ब्रेक लावावा लागला नाही!"

"कधी नेलीत?"

"आज सकाळी."

"रविवारी."

"मग? रस्ता तोच ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्ता तोच! सासरच्या या घरात ॲव्हरेज हा धर्म होता. सासऱ्यांनी स्कूटरपासून प्रत्येक गाडीचं ॲव्हरेज रविवारीच काढलं होतं, मोकळ्या रस्त्यावर, काचा बंद, एसी बंद, श्वाससुद्धा बेतानेच. मुलगा तेच शिकला. आणि तिचा डावा गुडघा? त्याचा हिशेब कुणी काढला नव्हता.

"मी ऑटोमॅटिक म्हटलं होतं. गुडघ्यासाठी. कितीदा?"

"ती पेट्रोल पिते गं."

"सूनबाई, क्लच अगदी लोण्यासारखा आहे," सासरे पेपरामागून म्हणाले.

"मग बाबा, उद्यापासून कामाला तुम्हीच जा. लोण्यावर पाय ठेवून."

पेपर खाली आला. पुन्हा वर गेला.

तिने शोरूममध्ये फोन लावला. आवाज चढवला नाही. त्यामुळेच बहुधा विक्रेता घाबरला.

सोमवार. भल्या सकाळी चाचणीची गाडी दारात. विक्रेता मागच्या सीटवर, मांडीवर माहितीपत्रक. ती पुढे, नवऱ्याच्या शेजारी.

"मी का चालवू? गाडी तुझी आहे."

"निवडली कुणी? चालव."

नाक्यापर्यंत नवरा शीळ घालत होता. मग पूल आला.

क्लच. पहिला. सोड. दाब. थांब. क्लच. पहिला. पुढचा ट्रक हातभर सरकला. क्लच. चढ. गाडी मागे घसरतेय, हँडब्रेक, मागून हॉर्न, क्लच, रिक्षा आडवी, अरे ए, क्लच, बंद पडली, सुरू कर, पहिला, सोड, दाब, दाब, दाब

"सर, एसी बंद करू का? ॲव्हरेज जरा…" विक्रेता म्हणाला.

"तू गप रे!" नवरा खेकसला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. समोरचा ॲव्हरेजचा आकडा सत्तावीसवरून कधीच उतरला होता आणि अजून उतरतच होता. त्याने डावी मांडी चोळली. आधी चोरून, मग उघड.

ट्रक थांबला. सगळं थांबलं.

"हे…" त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे रोज असंच असतं?"

त्या प्रश्नाने ती विरघळेल असं त्याला वाटलं असावं. ती उलट पेटली.

"रोज. बसमध्ये उभी असते तेव्हाही पूल हाच असतो. इतक्या वर्षांत आज विचारलंस, तेही तुझा पाय दुखला म्हणून."

"अगं, मी तुझ्याच भल्यासाठी…"

"माझं भलं तू झोपेत उरकलंस. माझ्या झोपेत!"

विक्रेत्याने माहितीपत्रक तोंडासमोर धरलं.

हॉस्पिटलच्या गेटवर गाडी बंदच पडली. तिने दार उघडलं. आत पहिल्या पाळीचे पेशंट हात पुढे करून बसले असतील. उशीर झालाच होता.

"संध्याकाळी बोलू," तो म्हणाला.

"संध्याकाळी मी बोलणार नाही. मी ऑटोमॅटिक चालवून बघणार आहे, याच पुलावर, याच वेळेला, उद्या." ती मागे वळली. "दादा, तेवढी घेऊन या. आणि हे बुकिंग रद्द."

"मॅडम, रद्द करायला सरांची सही…"

"सर आहेत की तुमच्याजवळ. परतीच्या रस्त्याला भरपूर वेळ मिळेल. घ्या सही."

आणि दार आपटलं.